गुडघ्याजवळची गाठ

आमच्या सिवातू गावात कोंबडा आरवतो तो केवळ हौस म्हणून. त्याच्या आरवण्याने कोणी उठत नाही. गाव उठतं ते गाड्यांच्या आवाजाने. पहाटेची नमाज झाली की टीव्ही आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यांच्यामधे रात्रभर झोपलेली मोटरसायकल अंगणात काढायची, किक मारायची, तिला दहा मिनिटं नुसतीच चालू ठेवायची आणि आपण सारोंग, म्हणजे आमची लुंगी, डोक्यावरून पांघरून शेजारी उकिडवं बसायचं. याला आम्ही गाडी शेकणं म्हणतो. जावा बेटावरच्या दिएंग पठारावर, ढगांच्याही वर राहणाऱ्या माणसांना शेकण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही पाहुण्यालाही बाहेरच्या खोलीत फार वेळ ठेवत नाही, चुलीपाशी आणून बसवतो. माझ्या चहाच्या दुकानात तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, वडी तळली जाते, तीसुद्धा पिठाची जाड गोधडी पांघरूनच कढईत उतरते. मग गाडीनेच काय पाप केलंय?

तरी शेकलेल्या गाड्याही सकाळी उचक्या देतात. विशेषतः ज्यांना हाताचा क्लच असतो त्या. रात्रभराच्या थंडीत आतलं तेल घट्ट होतं आणि क्लचप्लेटा एकमेकींना चिकटून बसतात, एका पांघरुणातल्या बहिणींसारख्या. सकाळी तुम्ही लिव्हर दाबता, तुम्हाला वाटतं सुटल्या, म्हणून गिअर टाकता. त्या सुटलेल्या नसतातच. गाडी खाडकन पुढे हिसका देते आणि बंद पडते. त्या एका हिसक्याने प्लेटा सुट्या होतात. मग दिवसभर गाडी अशी वागते, जणू सकाळी काही झालंच नाही.

हे सगळं मला कळतं ते तारजुकीमुळे. माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि त्याखाली कांग तारजुकी. गावात वयाने बरोबरीच्या किंवा मोठ्या पुरुषाला कांग म्हणतात आणि बाईला यू. तारजुकीला मात्र त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही कांग म्हणत, कारण गाडी ज्याच्या हातात असते तो मोठा. शरीराने वाळलेली शेंग. डोक्यावर लोकरीची टोपी, तिचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही आठवत नाही. कामाला बसला की डोळे मिटायचा. पहिल्यांदा गाडी घेऊन येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस झोपला. पण त्याची बोटं इंजिनात शिरलेली असायची आणि आपलं आपण काहीतरी वाचत असायची. “डोळ्यांना फक्त घाण दिसते,” तो म्हणायचा. “नट किती आवळलाय ते बोटांना कळतं.” पाच वर्षांपूर्वी उघडलेल्या गाडीतला कोणता बोल्ट थोडा वाकडा होता हेही त्याच्या बोटांना आठवायचं. आपण जेवलो की नाही ते मात्र बायकोला विचारावं लागायचं.

अशा माणसाला आयुष्यात एकच दुःख होतं, आणि त्याचं नाव मिस्तम.

मिस्तम त्याचा लहानपणापासूनचा मित्र. पाचवीत दोघांनी मिळून मशिदीचा भोंगा उघडला होता आणि दोघांनी मिळूनच मार खाल्ला होता. मिस्तमकडे लाल टाकीची एक जुनी गाडी होती. अकरा वर्षं तिने बटाट्याची पोती आणि कोबीच्या टोपल्या असल्या चढांवर वाहिल्या, की तिथे बकरीही विचार करून पाय टाकते. आणि या गाडीने अकरा वर्षांत थंडीतली एकही उचकी दिली नाही. जुलै-ऑगस्टमधे, आमच्या ऐन थंडीत, बटाट्याच्या पानांवर विषारी दव, म्हणजे गोठलेलं दव, पडून शेतंच्या शेतं करपायची, गावातली प्रत्येक क्लचवाली गाडी सकाळी अंगणात हिसके देत असायची, आणि मिस्तम शीळ घालत, लोण्यातून सुरी जावी तसा, माझ्या दुकानासमोर येऊन थांबायचा. एका हाताने टोपी मागे सारायची आणि समोर ओरडून विचारायचं, “काय कांग, आज किती जणींना उचकी लागली?”

तारजुकीने त्याची गाडी तीनदा उघडली. दोनदा सांगून आणि एकदा मिस्तम लग्नाला गेला असताना. आत काही वेगळं नव्हतं. तेच तेल, त्याच प्लेटा. कारण विचारलं की मिस्तम चहात बुडवलेली तेंपेची वडी तोंडात टाकायचा, सावकाश चावायचा आणि म्हणायचा, “माझी गाडी माझं ऐकते. तू तिचं ऐकतोस, म्हणून ती तुझ्या डोक्यावर बसते.” चहात तेंपे बुडवणाऱ्या माणसाकडून ही शिकवण घ्यावी लागणं, हे तारजुकीचं दुःख.

जुलैच्या मध्यावर एका गुरुवारी संध्याकाळी मिस्तम चुलीपाशी बसल्या बसल्या गेला. बायकोला, यू तुरियाला, वाटलं डुलकी लागली. तिने त्याच्या हातातला कप काढून ठेवला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

शुक्रवारी सकाळी दफन झालं. धुकं इतकं, की खांद्यावर जनाजा घेतलेल्यांना पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. खड्ड्यात तिघं उतरले: डोक्याशी आमचे पाक मोदिन, म्हणजे गावातले मौलवी मुधाकिर, कमरेशी मिस्तमचा भाऊ आणि पायांशी तारजुकी. मयताच्या कफनाला पाच ठिकाणी बंद असतात आणि मातीआड करण्याआधी ते सोडायचे असतात. डोकं, छाती, कंबर, गुडघे, पाऊल. बंद राहिला तर काय होतं ते आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. मयत मोकळं होत नाही. परत येतं. आणि पाय बांधलेले असल्यामुळे त्याला चालता येत नाही. ते उड्या मारत येतं.

सातव्या दिवसाचं जेवण झालं आणि आठव्या दिवशी सकाळी यू तुरियाने गाडी बाहेर काढली. कोबी बाजारात न्यायचा होता. नवरा गेला म्हणून कोबी शेतात थांबत नाही. ती गाडी चालवण्यात मिस्तमपेक्षा चांगली होती, हे मिस्तम सोडून सगळ्यांना मान्य होतं. तिने गाडी दहा मिनिटं शेकली, बसली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

गाडीने उडी मारली. हिसका नव्हे. चांगली हातभर उडी. टोपलीतले कोबी अंगणभर पसरले आणि गाडी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. यू तुरियाच्या अंगणातून बाहेर पडायला एकच फाटक आहे आणि फाटकासमोर, वाटेच्या वरच्या टोकाला, कबरस्तानाची टेकडी आहे. तेव्हा त्या अंगणातून काहीही उडालं, गाडी असो वा बेडूक, तर त्याचं तोंड कबरस्तानाकडेच असणार. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते बोलून दाखवायची छाती माझी झाली नाही, कारण रात्री मलाही घरी त्याच वाटेने जावं लागायचं.

ती गाडी घेऊन गॅरेजवर आली. तारजुकी बसला, क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी गाईसारखी उभी. त्याने दहादा करून पाहिलं. “यू, हिला काही झालेलं नाही,” तो म्हणाला.

“तुमच्यासमोर नाही होत,” ती म्हणाली. “तोही तुमच्यासमोर शहाणाच असायचा.”

त्याने तेल बदलून पातळ घातलं. पुढच्या आठवड्यात केबल बदलली. त्याच्या पुढच्या आठवड्यात प्लेटा नव्या घातल्या. गाडी गॅरेजवर यायची ती त्या पहिल्या उडीनंतर, अर्धा डोंगर उतरून गरम झालेली. इथे तिला काय उचकी लागणार? तारजुकीला हे समजत नव्हतं असं नाही. त्याने तिला प्लेटा चिकटण्याचं सगळं शास्त्र सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “मग अकरा वर्षं का नाही चिकटल्या, कांग?”

गाडी तीच, थंडी तीच, तेल उलट अधिक चांगलं. कमी झाला होता तो फक्त मिस्तम.

मी त्याला गेली तीस वर्षं समोरून पाहत आलोय. त्या दिवसांत तो डोळे उघडे ठेवून काम करू लागला. मला आधी लक्षात आलं नाही, मग एकदम आलं आणि अंगावर काटा आला. बोटांवर विश्वास नसल्यासारखा तो प्रत्येक नट वाकून बघायचा. चुकायचाही. एकाचं चाक उलटं बसवलं. चहा पिताना कप खाली ठेवायचा आणि बोटं एकमेकांवर घासत बसायचा. मी एकदा थट्टेने म्हटलं, “काय कांग, मिस्तमशिवाय करमत नाही?” तो म्हणाला, “न करमायला तो गेला कुठे?” आणि उठून गेला. चहा अर्धा राहिला. ही त्याच्या बाबतीत मिस्तमच्या मरणाइतकीच मोठी घटना होती.

गावाला तर विषय मिळाला. रोज सकाळी गाड्या शेकताना बायका कान देऊन बसायच्या. आधी सगळ्या अंगणांतून फटफट फटफट, मग यू तुरियाच्या अंगणातून खाड, आणि त्यानंतर क्षणभर सगळं गाव गप्प. कोणी तरी म्हणायचं, आला. माझ्या दुकानात येणाऱ्या कोबीवाल्याने उडी मोजून सांगितली: कालपेक्षा वीतभर जास्त. दुसऱ्याने सांगितलं की टेकडीपर्यंत अमुक उड्या आहेत, म्हणजे अमुक दिवसांत पोचेल. पोचेल म्हणजे कोण कुठे पोचेल, हे विचारल्यावर तो तेंपे खाऊ लागला. हसायचो आम्ही. पण अंधार पडायच्या आत दुकान बंद करू लागलो होतो, मीही.

तिसाव्या दिवसानंतर यू तुरिया पाक मोदिनांकडे गेली. रडली वगैरे नाही. तिने सरळ विचारलं की कबर उघडता येईल का. कुठला तरी बंद राहून गेला असला तर सोडता येईल का. पाक मोदिन सज्जन माणूस. त्यांना आमच्या गावच्या बाजूने ‘नाही’ म्हणता येईना आणि किताबाच्या बाजूने ‘चालेल’ म्हणता येईना. त्यांनी खड्ड्यात उतरलेल्या दोघांना बोलावून विचारलं. भाऊ म्हणाला, कंबर मी सोडली. छाती आणि डोकं स्वतः मोदिनांनी सोडलं होतं. तारजुकी म्हणाला, “सोडले.” एवढंच. किती, कुठले, काही नाही. पाक मोदिनांनी चाळिसाव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत थांबायचं ठरवलं. तोवर गाडीतला दोष सापडला तर ठीक. नाही सापडला, तर फावडी घेऊन जायचं.

म्हणजे आता प्रकरण असं होतं: दोष गाडीत आहे की कबरीत आहे, हे तारजुकीने शोधायचं होतं, आणि त्याच्याकडे नऊ दिवस होते.

त्यातले सात दिवस त्याने गॅरेजमधेच घालवले. खरं तर करायची गोष्ट एकच होती. गाडी थंड असताना, पहिल्या किकेआधी, तिच्या अंगणात जाऊन बघायची. हे मला, चहा विकणाऱ्याला, कळत होतं. मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, विधवेच्या घरी पहाटे कसं जायचं. मी म्हटलं, मी येतो, पाक मोदिनांना घेऊ, पाहिजे तर मशिदीचा नगाराही घेऊ. तो हसला नाही. अडतिसाव्या दिवशी पहाटेच्या नमाजेनंतर त्याला अक्षरशः दंडाला धरून आम्ही दोघं घेऊन गेलो.

त्या दिवशी विषारी दव पडलं होतं. बटाट्याची पानं पांढरी, कुंपणाच्या काठ्या पांढऱ्या, वाटेवरची शेणंसुद्धा लग्नाला निघाल्यासारखी पांढरी. यू तुरियाने गाडी आतून ढकलत आणली. तिने ओठ घट्ट मिटले होते. किक मारली. दहा मिनिटं आम्ही चौघं त्या इंजिनाभोवती हात शेकत उभे राहिलो आणि कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. मग तारजुकी गाडीवर बसला. क्लच दाबला. पायाने गिअर टाकला.

खाड.

मी ती उडी रोज ऐकत होतो, पाहिली पहिल्यांदा. मला लपवायचं नाही: मी पाक मोदिनांचा हात धरला, आणि त्यांनी माझा आधीच धरला होता.

गाडी बंद पडली होती. तारजुकी तिच्यावर तसाच बसून राहिला, दोन्ही हात हँडलवर, मान खाली. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज टोपीच्या आतून आल्यासारखा होता.

“उघडा. उद्याच उघडा.”

पाक मोदिनांनी विचारलं, “का? काय झालंय तिच्यात?”

“गाडीचं नाही बोलत मी. पावलाचा बंद सोडला, ते मला आठवतं. गाठ कुठे होती तेही आठवतं, उजवीकडे होती. गुडघ्याचा आठवत नाही.” त्याने हँडलवरची बोटं उघडून पुन्हा मिटली. “बोटं बधिर झाली होती. मी हात घातला होता तिथे. पण सोडला की नुसता चाचपला, ते बोटांना माहीत नाही. अडतीस दिवस विचारतोय त्यांना. नाही सांगत.”

कोंबडा आरवला. त्यालाही आजच वेळेवर उठायचं होतं.

यू तुरिया त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असंही वाटलं, कारण तारजुकीलाही तेच हवं होतं. तो मान खाली घालून वाट बघत होता. डोळे मिटले होते. आणि वाट बघता बघता त्याच्या डाव्या हाताची बोटं, त्याला न विचारता, हँडलच्या रबरावर फिरू लागली. एका जागी थांबली. परत गेली. पुन्हा त्याच जागी थांबली.

“इथे काय बांधायचा तो?” त्याने विचारलं.

कोणालाच कळलं नाही तो कोणाबद्दल बोलतोय. त्याने आमची बोटं धरून ती तिथे टेकवली. रबराला गोल खाच पडली होती, बांगडी घातल्यासारखी. समोर, लिव्हरच्या टोकाकडे, रंग उडून तशीच रेघ. खाचेत निळ्या सुताचे चार धागे अडकले होते.

“ती चिंधी,” यू तुरिया म्हणाली. “सारोंगाची. संध्याकाळी गाडी आत घेतली की रोज बांधायचा आणि सकाळी सोडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, चोर आला तर त्याला वाटेल गाडी नादुरुस्त आहे.”

“आणि आता कुठे आहे ती?”

“मी सोडली. तो गेला त्या रात्रीच.” ती बोलता बोलता थांबली, मग सावकाश पुढे गेली. “आई सांगायची, घरात मयत असलं की त्याच्या हातची एकही गाठ बांधलेली ठेवू नये, जीव अडकतो. मी सगळ्या सोडल्या. पोत्यांच्या, कुंपणाच्या, ताडपत्रीच्या. बकरीची पण. ती अजून सापडली नाही.”

तारजुकी गाडीवरून उतरला. त्याने लिव्हर दाबून हँडलला टेकवला आणि आम्हाला दाखवला, पोराला पाढा शिकवावा तसा. लिव्हर रात्रभर असा आवळून बांधून ठेवला, की आत प्लेटा रात्रभर एकमेकींपासून दूर राहतात. तेल किती का घट्ट होईना, चिकटणार कुणाला? सकाळी चिंधी सोडायची आणि शीळ घालत निघायचं. अकरा वर्षं. रोज रात्री. सख्ख्या मित्राला, तेही गावच्या एकुलत्या एक मेकॅनिकला, एक शब्द न सांगता. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर थांबून टोपी मागे सारता यावी म्हणून.

“हरामखोर,” तारजुकी म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. आणि मग तो तिथेच त्या पांढऱ्या गवतावर बसला आणि रडला.

त्या रात्री यू तुरियाने चिंधी शोधून बांधली. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी गाव कान देऊन बसलं होतं. फटफट झाली, आणि मग लाल टाकीची गाडी माझ्या दुकानासमोरून, लोण्यातून सुरी जावी तशी, कोबी घेऊन निघून गेली. कोबीवाला निराश झाला. त्याने उड्यांचा सगळा हिशेब मांडून ठेवला होता.

तेव्हा गाडीचा प्रश्न सुटला. पण तुमच्या लक्षात आलं असेलच की दुसरा सुटला नव्हता. उलट तो आता उघड्यावर आला होता. गाडीने उडी मारली नसती तर तारजुकी बोललाच नसता; आणि गाडीची उडी तर खोटी निघाली. शब्द मात्र खरे होते, आणि ते आता परत तोंडात घालता येत नव्हते.

चाळिसाव्याच्या जेवणाला भाताचा डोंगर रचला होता, कोंबडी होती, सगळं गाव चुलीभोवती दाटीने बसलं होतं. पाक मोदिनांनी यू तुरियाला विचारलं, आता काय करायचं ते तू सांग. तारजुकी दाराजवळ बसला होता, थंडीत, जिथे कोणी बसत नाही. सगळे हात ताटात थांबले.

ती त्याच्याकडे वळली. “डोकं सुटलं?”

“पाक मोदिनांनी सोडलं.”

“गाल मातीला लावला?”

“लावला. मी पाहिलं.”

“आणि पावलं तुम्ही सोडलीत.”

“सोडली.”

“मग राहू दे,” यू तुरिया म्हणाली. “डोकं मोकळं, पावलं मोकळी. मधली एक त्याची तो काढेल. गाठींतलं त्याला कळायचं.” तिने भाताचा डोंगर फोडून सगळ्यात वरचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. “आणि पुढे या, कांग. दारातून गार वारा येतो.”

तो पुढे सरकला. जेवला मात्र थोडंच.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिलं असतं तर तारजुकीला आवडलं असतं. त्याला गोष्टीही नट आवळल्यासारख्या आवडतात. पण तसं झालं नाही. मिस्तमचा जन्मवार शनिवार-पोन. आमच्या जावाच्या पंचांगात सात वारांना पाच बाजारवार जोडले जातात, त्यामुळे तो दर पस्तीस दिवसांनी येतो. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी फटफट झाली आणि पाठोपाठ खाड. मी कढईत घातलेला झारा तसाच धरून राहिलो. समोर तारजुकी पाना टाकून उभा राहिला होता. थोड्या वेळाने यू तुरिया खाली आली आणि गॅरेजसमोर थांबली. तिने आदल्या रात्री चिंधी बांधली नव्हती. मुद्दामच. “बघितलं,” ती म्हणाली, “ती मधली गाठ काढली का त्याने.”

“आणि?” तारजुकीने विचारलं.

“अजून नाही.”

ऑक्टोबरातल्या शनिवार-पोनला पुन्हा खाड. तारजुकीने त्या दिवशी गॅरेज उघडलंच नाही. त्याच्या बायकोने मला सांगितलं, नमाजेनंतर तो अंगणात उभा होता, हात काखेत घालून, डोंगराकडे कान लावून. बाकीच्या दिवशी तो पुन्हा डोळे मिटून काम करू लागला होता. चाकं सुलटी बसत होती. पण थंडीच्या दिवसांत कोणी मेलं आणि त्याला खड्ड्यात उतरायला बोलावलं, तर तो आधी माझ्याकडे येतो, चहाच्या उकळत्या भांड्याच्या वाफेवर हात धरतो आणि बोटं लालबुंद होईपर्यंत काढत नाही. चहा थोडा उशिरा होतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, त्याला मी तेंपेची वडी देतो.

नोव्हेंबरात पाऊस लागला. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री ढग गावावर पांघरूण घालतात, दव पडत नाही, पहाटे चूळ भरताना दात दुखत नाहीत. त्या महिन्यातल्या शनिवार-पोनला गावाने कान दिला. फटफट झाली. मग काही नाही. मग गाडी गिअरात पडल्याचा, आणि सरळ चालू लागल्याचा आवाज.

यू तुरिया अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट, मागे कोबी, अशी खाली आली. गॅरेजसमोर थांबली. इंजिन चालूच ठेवलं. तिचा चेहरा मी चार महिन्यांत असा पाहिला नव्हता.

“कांग,” ती म्हणाली, “रात्री बांधली नव्हती. तरी उभी राहिली.” मग अगदी हळू, पण मला पावसातही ऐकू आलं: “काढली त्याने.”

तारजुकी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात एक क्लचप्लेट होती, फडक्याने पुसायला घेतलेली. त्याने ती पुसली, उलटी केली आणि पुन्हा पुसली.

“हो यू,” तो म्हणाला. “काढली असेल.”

ती गेली. मी दोन कप चहा घेऊन रस्ता ओलांडला आणि त्याच्या शेजारी टायरवर बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग मला राहवेना.

“थंडी नव्हती म्हणून ना?” मी विचारलं.

“थंडी नव्हती,” तो म्हणाला.

त्याने चहा संपवला, पूर्ण. कप माझ्या हातात दिला. मग ढगांत बुडालेल्या टेकडीकडे तोंड करून, डोळे मिटून, बोटं एकमेकांवर घासत म्हणाला, “जुलै येऊ दे.”